तपासणीचा दिवस आणि अहवालावरचा भरवसा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा काही भुवया उंचावल्या असतील. धर्मशाळा, पाठशाळा, औषधालय या कार्यांचा आढावा घेणाऱ्या महोत्सवात एच.आय.व्ही. तपासणीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे रक्तदान शिबिर भरते आणि वधू-वर परिचय मेळावा भरतो, तेथे हा विषय न बोलावता येऊन बसलेलाच असतो. त्याच्याविषयी मोठ्याने बोलले जात नाही, एवढेच. आणि मोठ्याने न बोलल्यामुळे काय होते, ते एका तरुणाच्या हकिगतीवरून कळेल.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणारा, सत्तावीस वर्षांचा, व्यापारी घराण्यातला हा मुलगा. मालखरेदीसाठी परगावी गेला असता मित्रांच्या संगतीने एका रात्री त्याचे पाऊल घसरले. सुरक्षिततेचे साधन वापरलेले नव्हते. परतल्यावर सहाव्या दिवशी त्याने शहरातील एका खासगी प्रयोगशाळेत दुसऱ्याच नावाने रक्त दिले. अहवाल निगेटिव्ह आला. त्या दिवशी त्याने घरी पेढे नेले. कशाचे, असे आईने विचारले तेव्हा जुनी येणी वसूल झाली म्हणून सांगितले.

महिनाभराने त्याला ताप आला, घसा दुखू लागला. त्याच सुमारास कोठेतरी त्याच्या वाचनात आले की, लागण झाल्यावर काही आठवडे चाचणी निगेटिव्हच येते. पेढ्यांचा गोडवा तेथेच संपला. बत्तिसाव्या दिवशी पुन्हा तपासणी झाली : निगेटिव्ह. पन्नासाव्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेत, शिरेतून रक्त काढून : निगेटिव्ह. तीन महिने पूर्ण झाल्यावर : निगेटिव्ह. मग कोणीतरी सांगितले, सहा महिने थांबावे लागते. सहा महिन्यांनी झाली. मग वर्ष. चौदा महिन्यांत आठ तपासण्या झाल्या, आठही निगेटिव्ह, आणि एकावरही त्याचा विश्वास बसला नाही.

या चौदा महिन्यांत घरात काय चालले होते? दोन चांगली स्थळे त्याने कारण न सांगता परतविली. वडिलांचा समज झाला की, मुलाचे बाहेर कोठेतरी जमले आहे. त्यावरून बोलाचाली झाली. आईने नवस बोलले. त्याने आपला पाण्याचा तांब्या वेगळा केला. बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सगळ्यांनी बाळाला मांडीवर घेतले, हा मामा मात्र दाराशी उभा राहून पाहत असे. बहिणीच्या मनाला ते फार लागले. कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

या मुलाने दोन चुका केल्या, आणि त्या परस्परविरोधी होत्या. पहिल्यांदा, जेव्हा अहवालावर विश्वास ठेवू नये तेव्हा त्याने तो ठेवला. आणि पुढे, जेव्हा निःशंकपणे ठेवावा तेव्हा ठेवला नाही. दोन्ही चुकांचे मूळ एकच : चाचणी नेमके काय शोधते आणि किती दिवसांनी शोधू शकते, हे त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते.

या रोगाचा इतिहास थोडक्यात असा. १९८१ साली अमेरिकेत या रोगाचे पहिले रुग्ण नोंदले गेले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी विषाणू शोधून काढला; त्याबद्दल फ्रांस्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँटेनिये यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्ताच्या तपासणीस अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिली लागण उघडकीस आणली. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली या रोगाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तपासणीचे शास्त्र तेव्हापासून कितीतरी पुढे गेले आहे. सामान्य माणसाच्या कानावर मात्र अजून त्या जुन्या काळचेच आकडे आहेत.

विषाणू शरीरात शिरला की तो त्याच क्षणी रक्तात सापडतो असे नाही. आरंभीचे साधारण दहा दिवस तो ऊतींमध्ये वाढत असतो. त्या काळात जगातील कोणतीही चाचणी त्याला पकडू शकत नाही. त्यानंतर विषाणूचा जनुकीय अंश रक्तात दिसू लागतो. आणखी काही दिवसांनी विषाणूच्या अंगचे एक प्रथिन दिसते. त्याला पी-२४ प्रतिजन म्हणतात. आणि सर्वांत शेवटी, बहुतेकांच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात दिसू लागतात. लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसेपर्यंतचा हा जो मधला काळ, त्यालाच विंडो पिरियड किंवा गवाक्ष काळ म्हणतात. माणूस बाधित असतो, दुसऱ्यास बाधा देऊ शकतो, आणि तरीही त्याचा अहवाल निगेटिव्ह येतो.

व्यापारी मंडळींना हे समजावयास कठीण जाऊ नये. पूर्वी बाहेरगावचा धनादेश बँकेत भरला आणि त्याच संध्याकाळी पासबुक छापून घेतले, तर त्यात ती रक्कम दिसत नसे. याचा अर्थ धनादेश भरलाच नाही असा होत नसे. वटायला अवधी लागत असे. सहाव्या दिवशीचा निगेटिव्ह अहवाल हे त्याच संध्याकाळचे पासबुक होय. परंतु वटण्याची मुदत उलटून गेल्यावरही पासबुकात नोंद नसेल, तर मात्र तसा धनादेश भरलाच गेला नव्हता, हे मान्य करावे लागते. नंतर रोज पासबुक छापून घेतल्याने शिल्लक बदलत नाही, शाई तेवढी खर्च होते.

आता ही मुदत किती? ती चाचणीच्या प्रकारावर ठरते, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट ही चाचणी साधारण दहा ते तेहेतीस दिवसांत लागण दाखविते. ती महाग असून सरसकट वापरली जात नाही. प्रतिजन व प्रतिपिंडे दोन्ही एकदम शोधणारी, जिला चौथ्या पिढीची चाचणी म्हणतात, ती शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केल्यास अठरा ते पंचेचाळीस दिवसांत लागण दाखविते. पंचेचाळीस दिवसांपर्यंत शंभरातील नव्व्याण्णव बाधितांची लागण तिच्यात उघड झालेली असते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांना तेवीस ते नव्वद दिवस धरतात. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर केल्या जाणाऱ्या झटपट चाचण्यांनाही, मग त्या प्रतिजन शोधणाऱ्या असोत वा नसोत, नव्वद दिवसांचाच हिशेब लावावा. शासकीय केंद्रांत बहुधा झटपट चाचण्या वापरल्या जातात, म्हणून तेथील समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा या असे सांगतात. ते योग्यच आहे.

मग सहा महिन्यांची, वर्षाची गोष्ट कोठून आली? ती अगदीच निराधार नव्हती. १९८५ च्या सुमाराच्या पहिल्या पिढीच्या चाचण्या आजच्या मानाने मंद होत्या. प्रतिपिंडे बरीच वाढल्याखेरीज त्यांना दिसत नसत, म्हणून तेव्हा सावधगिरीने सहा महिन्यांची मुदत सांगितली जाई. चाचण्या सुधारल्या, मुदत कमी झाली. पण एकदा तोंडी पसरलेला आकडा परत बोलावता येत नाही. आजही एखादा जुना माहितीफलक किंवा एखादा वडीलधारा डॉक्टर सहा महिने सांगतो, आणि ऐकणाऱ्याच्या आयुष्यातील तीन महिने नाहक काळजीत जातात. शास्त्रज्ञ बदललेले मत जाहीर करतात तेव्हा त्याला तेवढी प्रसिद्धी मिळत नाही, हे या विषयापुरतेच खरे आहे असेही नाही.

दिवस मोजताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मोजणी शेवटच्या धोक्याच्या प्रसंगापासून करावयाची. मध्यंतरी पुन्हा तसा प्रसंग घडला असेल तर वही कोरी करून पहिल्या दिवसापासून मोजावे. तसेच धोक्याच्या प्रसंगानंतर बहात्तर तासांच्या आत सुरू करावयाचा अठ्ठावीस दिवसांचा प्रतिबंधक औषधांचा एक क्रम असतो. ज्यांनी तो घेतला त्यांनी औषधे संपल्याच्या दिवसापासून मुदत मोजावी, कारण ही औषधे लागण उघड होण्यास उशीर लावू शकतात. अशा औषधांची सोय आहे, हेच पुष्कळांना माहीत नसते. बहात्तर तास ही शेवटची मर्यादा. पहिल्या काही तासांतच गेलेले उत्तम. लाजेपोटी चौथा दिवस उजाडला की ती संधी गेली. हकिगतीतील मुलाने सहाव्या दिवशी तपासणीकडे धाव घेतली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला असता तर कदाचित चौदा महिने वाचले असते.

याखेरीज अहवालावर परिणाम करणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. कर्करोगावरील उपचार किंवा अवयव बदलल्यानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगावे. बाकी सर्दी-पडसे, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या, प्रतिजैविके यांनी फरक पडत नाही. आपल्याकडे वारंवार विचारला जाणारा प्रश्न म्हणून सांगणे इष्ट की, या तपासणीस उपाशीपोटी जावे लागत नाही. आणि कोणी अठ्ठाईच्या उपवासात असेल किंवा आयंबिलाची ओळी करीत असेल, तरी त्याने अहवाल बिघडत नाही.

आता थोडे गणित, कारण भरवसा म्हणजे शेवटी हिशेबच. राष्ट्रीय अंदाजानुसार २०२३ साली देशात सुमारे पंचवीस लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत होते आणि प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण ०.२ टक्के होते. म्हणजे एक लाख प्रौढांत दोनशे बाधित. समजा, या एक लाखांची तपासणी अशा चाचणीने केली की जी मुदत उलटलेल्या शंभर बाधितांपैकी साडेनव्व्याण्णवांना बरोबर पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी नव्व्याण्णवांना बरोबर निरोगी म्हणते. दोनशे बाधितांतून तिच्या हातून सुटेल तो एक. उलट, नव्व्याण्णव हजार आठशे निरोगी लोकांतील सुमारे एक हजार जणांना ती चुकून बाधित दाखवील. म्हणजे निगेटिव्ह अहवाल चुकण्याची शक्यता लाखात एक, आणि पहिल्याच चाचणीत दिसलेली प्रतिक्रिया चुकीची असण्याची शक्यता मात्र बरीच मोठी. म्हणूनच शासकीय केंद्रात एका चाचणीवरून कोणालाही पॉझिटिव्ह ठरवीत नाहीत. वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्या तरच तसा अहवाल देतात. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर मात्र तेथेच थांबतात. लोकांचा समज बरोबर याच्या उलट आहे. वाईट बातमीवर ते एका क्षणात विश्वास ठेवतात आणि चांगली बातमी नऊ वेळा पडताळतात.

यात मूळ धोक्याचाही विचार मिळवावा. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसला, तरी एका असुरक्षित स्त्री-पुरुष संबंधातून लागण होण्याची शक्यता सरासरीने दहा हजारांत चार ते आठ एवढी असते. बाधिताच्या रक्ताची सुई टोचल्यास दहा हजारांत सुमारे तेवीस. बाधित रक्त थेट शरीरात चढविले गेल्यास मात्र दहा हजारांत नऊ हजारांहून अधिक. हे आकडे निर्धास्त होण्यासाठी सांगितलेले नाहीत. इतर गुप्तरोग असल्यास धोका वाढतो आणि एकाच प्रसंगात लागण झालेली माणसेही आहेत. पण मुळातच लहान असलेली शक्यता आणि तीत मुदतीनंतरच्या चाचणीच्या चुकीची नगण्य शक्यता, या दोहोंचा गुणाकार केल्यावर भीतीला उभे राहण्यास जागा उरत नाही. न्हाव्याचा वस्तरा, डासाचा चावा, पंगतीतील ताट, मंदिराच्या आवारातील पाण्याचा नळ यांच्या भीतीने तपासणीस जाणारेही पुष्कळ असतात. ताट, नळ आणि डास यांतून लागण होतच नाही. वस्तऱ्यापासूनचा धोका नगण्य. तरीही वस्तऱ्यात नवे पाते घालावयास सांगावे, ते काविळीसारख्या इतर रोगांसाठी.

लक्षणांवरून निदान करण्याचा मोह सर्वांत घातक. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ अशी लक्षणे होतात हे खरे. परंतु तशीच लक्षणे पावसाळ्यात घरोघरी दिसतात, आणि काही बाधितांना कोणतेच लक्षण होत नाही. काळजीने झोप उडते, भूक मंदावते, वजन घटते, छातीत धडधडते. तो मुलगा रोज सकाळी आरशात जीभ पाहत असे. चौदा महिन्यांत त्याचे वजन आठ किलो उतरले, आणि ते उतरलेले वजनच त्याला पुरावा वाटू लागले.

नवव्यांदा तो गेला तो जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील तपासणी केंद्रात. तेथील समुपदेशक बाईंनी त्याला आत बसवून दार लोटून घेतले. त्याने खिशातून आठ अहवाल काढले. त्यांवर चार वेगवेगळी नावे होती. बाईंनी नावांबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांनी टेबलावर ते तारखेप्रमाणे ओळीने मांडले आणि विचारले,

“तो प्रसंग कोणत्या तारखेचा?”

त्याने तारीख सांगितली.

“त्यानंतर पुन्हा कधी?”

“नाही मॅडम. कधीच नाही.”

बाईंनी बोटाने दिवस मोजले. “हा पहिला, सहाव्या दिवसाचा. याला काही किंमत नाही, हा बाजूला ठेवू. हा बत्तिसाव्या दिवसाचा, बराचसा दिलासा देणारा. हा पन्नासाव्या दिवसाचा. चौथ्या पिढीची चाचणी, शिरेतले रक्त. दादा, तुम्हाला उत्तर याच दिवशी मिळाले होते. आणि हा तीन महिन्यांचा, म्हणजे त्यावरचा शिक्का. मग हे पुढचे चार कशासाठी?”

त्याला उत्तर देता आले नाही. बाई म्हणाल्या, “तुमची इच्छा असेल तर आजही रक्त घेते, तुमचा हक्क आहे. पण आधी एवढे सांगा, आजचा निगेटिव्ह आला तर त्यावर विश्वास ठेवाल का?” तेव्हा तो रडू लागला.

त्याने मग जे सांगितले त्यातच या साऱ्या अविश्वासाचे कारण होते. आपल्या हातून पाप घडले आहे, त्याची शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती अजून झालेली नाही. म्हणजे अहवालच खोटा असला पाहिजे, अशी त्याच्या मनाने खूणगाठ बांधली होती. रक्त तपासून त्याला विषाणू शोधावयाचा नव्हता, निकाल ऐकावयाचा होता. परंतु प्रयोगशाळा हे न्यायालय नव्हे. ज्याला आपल्या आचरणाचा पश्चात्ताप झाला आहे, त्याच्यासाठी प्रतिक्रमण आहे, गुरूंपाशी आलोचना आहे. तो मार्ग वेगळा आणि त्याची जागाही वेगळी. विषाणू पाप-पुण्य पाहून शिरत नाही. पतीकडून लागण झालेल्या निष्पाप गृहिणी आणि मातेकडून लागण झालेली बालके यांच्याकडे पाहिले तरी हे कळावे.

बाईंनी त्याला त्याच रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठविले. मुदतीनंतरचे दोन-तीन अहवाल निगेटिव्ह येऊनही जेव्हा शंका जात नाही, तेव्हा तपासणी चिंतेची करावयाची असते. हा मनाचा विकार आहे, तो पुष्कळांना होतो आणि औषधांनी व बोलण्याने बरा होतो. त्या मुलास काही महिने लागले. रक्ताची नववी तपासणी झाली नाही. भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला मामाने त्याला कडेवर घेऊन गावातून फिरविले. बहिणीला कारण आजही माहीत नाही.

आणि अहवाल पॉझिटिव्ह आला असता तर? तेव्हाही आयुष्य संपले नसते. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केले. २०१७ पासून तर निदान होताच, प्रतिकारशक्ती किती उरली याची वाट न पाहता, औषधे दिली जातात. नियमित औषधे घेणारा माणूस जवळजवळ सर्वसाधारण आयुष्य जगतो. आणि रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्यास लागणही देत नाही. हे कळले म्हणजे मुदतीच्या दिवशी तपासणीस जाण्याची हिंमत येते. पुष्कळजण भीतीने जातच नाहीत, आणि नुकसान त्यांचेच अधिक होते.

लग्नाच्या बाबतीत दोन शब्द. परिचय मेळाव्यात हल्ली पत्रिकेबरोबर एच.आय.व्ही. अहवाल मागण्याची सूचना अधूनमधून येते. उभयतांनी स्वेच्छेने, एकमेकांना विश्वासात घेऊन तपासणी करणे चांगलेच. परंतु अहवालावर एक तारीख असते, हे विसरू नये. मार्चमध्ये काढलेला अहवाल फार तर मागील डिसेंबरपर्यंतची खात्री देतो, आणि वैशाखातल्या लग्नाविषयी काहीच सांगत नाही. तो चारित्र्याचा दाखला नव्हे. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्याने, समजून दिलेल्या संमतीशिवाय कोणाची तपासणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. मेळाव्याच्या कार्यालयात अशा अहवालांची फाइल ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा. तपासणी व समुपदेशन शासकीय केंद्रांत विनामूल्य होते, आणि १०९७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नाव न सांगता विचारणा करता येते.

शेवटी, संस्थेच्या रक्तदान शिबिराविषयी. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. तेव्हापासून आपल्यासारख्या शिबिरांवरच रुग्णांची भिस्त आहे. रक्तपेढी प्रत्येक पिशवीची तपासणी करते, काही रक्तपेढ्या नॅटही करतात. तरी लागणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांचे रक्त कोणत्याही चाचणीतून निसटू शकते. एका पिशवीतून घटक वेगळे केले की ती तीन रुग्णांपर्यंत जाऊ शकते, आणि चढविलेल्या रक्ताचा धोका किती, तो आकडा वर आलाच आहे. म्हणून आपले रक्त फुकट तपासून मिळेल या हेतूने शिबिरात रक्त देणे, हे कोणी अजाणतेपणीही करू नये. ज्याला शंका आहे त्याने तपासणी केंद्रात जावे, शिबिरात नव्हे.

पण हे पाळावयाचे तर शिबिरातही तशी सोय हवी. आज दात्याचा फॉर्म सभामंडपातील लांब टेबलावर भरला जातो. एका बाजूस काका बसलेले, दुसऱ्या बाजूस होऊ घातलेले सासरे, आणि मागे रांगेत मित्रमंडळी. त्या फॉर्ममध्ये धोक्याच्या संबंधांविषयी प्रश्न असतो. अशा जागी कोणता तरुण ‘होय’ वर खूण करील? विश्वस्त मंडळास विनंती आहे की, येत्या शिबिरात फॉर्म भरण्यासाठी पाठशाळेची आतली खोली द्यावी, एका वेळी एकच दाता आत जावा, आणि रक्तपेढीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या हाती चिठ्ठीवर द्यावा. म्हणजे रक्त देऊन घरी गेल्यावर कोणाला सांगावेसे वाटले की माझी पिशवी वापरू नका, तर तो त्याच रात्री तसे कळवू शकेल. कोणाला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठविले, कोणाला आणखी कशासाठी, हे मंडपात पुकारू नये, आणि परतणाऱ्यालाही इतरांसारखाच चहा-बिस्किटांचा कूपन द्यावा.